सतराव्या वर्षाचा स्वस्त नकार

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा असणाऱ्यांची सोय होईल. आपल्याकडे बारावीच्या पोराला आयुष्यातला सगळ्यात महागडा निर्णय घ्यायला लावतात आणि त्या निर्णयाबद्दल एक गोष्ट सोडून बाकी सगळं सांगतात. कटऑफ सांगतात, फी सांगतात, पॅकेज सांगतात, कुठल्या कॉलेजची प्लेसमेंट कशी ते सांगतात. पण ते काम करणारा माणूस सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत नेमकं करतो काय, हे मात्र कोणी दाखवत नाही. अहो, दोनशे रुपयांची चप्पल घेतानासुद्धा आपण ती पायात घालून दुकानात चार पावलं चालून बघतो. चाळीस वर्षं पायात घालायचा व्यवसाय मात्र खोक्यावरचं चित्र बघून घेतो!

आता हे रडगाणं नवीन नाही, मला माहीत आहे. 'मुलांना आवडीचं क्षेत्र निवडू द्या' हे वाक्य तर आता रिक्षाच्या मागेसुद्धा सापडेल. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. आवड शोधून देणं कोणाच्याच बापाला जमत नाही. पण नावड शोधून देता येते, आणि तीही साठ-सत्तर तासांत, जवळजवळ फुकटात. ती सोय आपण पोरांना देत नाही, आणि माझी तक्रार आहे ती त्याबद्दल.

अमेरिकेतल्या बऱ्याच हायस्कुलांमध्ये शेवटच्या वर्षी, म्हणजे आपल्या बारावीला, 'सिनियर प्रोजेक्ट' नावाचा प्रकार असतो. (तिकडे सिनियर म्हणजे शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. ज्येष्ठ नागरिकांशी काही संबंध नाही :-)) तपशील शाळेगणिक बदलतात, पण ढोबळ रीत अशी. विद्यार्थ्याने ओढ वाटणारं एखादं क्षेत्र निवडायचं. त्यावर एक प्रश्न मांडून तो शाळेकडून मंजूर करून घ्यायचा. मग शाळेबाहेरचा, ते काम खरोखर पोटासाठी करणारा एक मार्गदर्शक स्वतः शोधायचा. त्याच्याकडे ठरलेले तास जाऊन बसायचं, बघायचं, जमेल ते काम करायचं आणि रोजची डायरी लिहायची. सोबत एक निबंध. शेवटी शिक्षक आणि एखाद-दोन बाहेरची माणसं समोर बसलेली असताना उभं राहून मी काय केलं, मला काय कळलं ते सांगायचं आणि येतील ते प्रश्न झेलायचे.

हे कालपरवाचं फॅड नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडलँड्स हायस्कूलमध्ये १९७३ साली 'वाइज' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. प्रवेशाची धावपळ उरकल्यावर शेवटच्या सत्रात वर्गात नुसत्या जांभया देणाऱ्या मुलांना स्वतःच्या प्रकल्पावर शाळेबाहेर पाठवायचं, ही त्यामागची कल्पना. पुढे १९८४ साली थिओडोर सायझर या शिक्षणतज्ज्ञाने 'कोअलिशन ऑफ इसेन्शियल स्कूल्स' हा शाळांचा गट उभा केला. त्यांचा आग्रह असा की बाकावर काढलेले तास मोजून शाळेचा दाखला देऊ नये, विद्यार्थ्याने चार लोकांसमोर करून दाखवलेल्या कामावर द्यावा. आणि १९९६ साली डेनिस लिट्की आणि एलियट वॉशर यांनी ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात 'द मेट' नावाची सरकारी पैशांवर चालणारी शाळा काढली. तिथली मुलं आठवड्यातले दोन दिवस शाळेत नसतातच. ती शहरात कुठेतरी कोणाच्या तरी हाताखाली काम करत असतात, आणि वेळापत्रकच तसं आखलेलं असतं.

आता एक ऐकीव पण पक्की गोष्ट सांगतो. आमच्या क्लायंटकडे सिअ‍ॅटलजवळ राहणारा एक सहकारी आहे. त्याच्या मुलीला लहानपणापासून जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. घरात दोन कुत्री, एक मांजर, खोलीभर प्राण्यांची पोस्टरं. सिनियर प्रोजेक्टला तिने अर्थातच प्राण्यांचा दवाखाना निवडला आणि साठेक तास तिथे काढले. तिला दिसलं काय? डॉक्टरीणबाईंचा निम्मा दिवस प्राण्यांपेक्षा प्राण्यांच्या मालकांशी बोलण्यात जातो. त्यातही मोठा भाग पैशांचा. एवढ्या खर्चाची शस्त्रक्रिया करायची, की इंजेक्शन देऊन जनावराला शांतपणे जाऊ द्यायचं, हे रडणाऱ्या माणसाला विचारायचं. आणि लगेच तोंड धुऊन पुढच्या खोलीत पिल्लाला लस टोचायला हसत जायचं. मुलीने पॅनेलसमोर सरळ सांगितलं, की मला प्राणी आवडतात, पण हे काम मला आवडत नाही. पॅनेलने तिला उत्तम शेरा दिला.

हे कॉलवर ऐकल्यावर आमच्या पुण्याच्या टीममधून पहिला प्रश्न काय आला असेल? "मग प्रोजेक्ट फेल झाला ना?"

नाही हो! प्रोजेक्ट शंभर टक्के पास झाला. तिकडे जनावरांचा डॉक्टर व्हायला आधी चार वर्षांचं कॉलेज, मग चार वर्षांचं पशुवैद्यकीय शिक्षण लागतं. ती आठ वर्षं आणि त्यासाठीचं डोंगराएवढं कर्ज त्या मुलीने साठ तासांत वाचवलं. आणि समजा तिला ते रडणाऱ्या माणसांशी बोलणंच आवडलं असतं, तर? तर ती डोळे उघडे ठेवून त्या कॉलेजात गेली असती. दोन्हीकडून फायदाच की.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तर हे वेगळं समजावून सांगायला नको. चूक जितक्या उशिरा सापडते तितकी ती निस्तरायला महाग पडते, हे बॅरी बोहम यांनी १९८१ च्या त्यांच्या पुस्तकात मांडून ठेवलंय आणि आम्ही ते पहिल्याच ट्रेनिंगमध्ये घोकलंय. क्लायंटला काय हवंय ते आधी नीट विचारा, कच्चा नमुना करून दाखवा, तो म्हणाला 'हे नकोय' तर आनंद माना, कारण दोन दिवसांत कळलं, दोन वर्षांनी नाही. ऑफिसात हे ज्ञान पाजळणारा माणूस घरी येतो आणि स्वतःच्या पोराला नमुना न दाखवता थेट चार वर्षांच्या रिलीजवर पाठवतो. वर रिलीज झाल्यावर बग निघाला की म्हणतो, 'आजकालच्या मुलांना चिकाटीच नाही.'

आमच्या क्षेत्राचंच बघा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायला निघालेल्या कुठल्याही बारावीच्या मुलाला विचारा, इंजिनिअर दिवसभर काय करतो? 'कोडिंग.' आमच्या सोसायटीतला एक अकरावीचा मुलगा दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. घरून काम होतं म्हणून जमलं. (गोपनीय काही स्क्रीनवर आलं की त्याला चहा करायला पाठवायचो. चहा बरा करतो.) सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग, जी पन्नास मिनिटं चालते. मग कोणीतरी आठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आणि स्वतः सोडून गेलेला कोड वाचत बसायचं. दुपारपर्यंत दोष सापडतो. दुरुस्ती दोन ओळींची. ती दोन ओळींची दुरुस्ती दुसरं काही मोडत नाही ना, हे तपासण्यात संध्याकाळ. रात्री नऊला क्लायंटचा कॉल. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "दादा, तू कोड कधी लिहितोस?" मला हे काम आवडतं, कारण दुसऱ्याच्या कोडमध्ये घुसून दोष हुडकण्यात मला मजा येते. पण ती मजा कुठल्याही ब्रोशरवर छापलेली नसते आणि कुठल्याही परीक्षेत तपासली जात नाही. मला ती नोकरीत लागल्यावर सापडली. नशीब! माझ्याबरोबर ट्रेनिंगला मेकॅनिकलची मुलं होती, सिव्हिलची होती, इलेक्ट्रॉनिक्सची होती. चार वर्षं इंजिनांवर आणि काँक्रीटवर घालवून ती माझ्या शेजारी बसून जावा शिकत होती. कोणी पगारासाठी आलं, ठीक आहे, त्यात काही वाईट नाही. पण जे 'साइटवर गेल्यावर कळलं की हे आपल्याला झेपणार नाही' म्हणून आले, त्यांना अकरावीतच आठ दिवस साइटवर उभं करायला काय हरकत होती?

तर मग आपण काय करतो? आपणही काहीतरी करतोच. त्याची यादी बघू.

एक, प्रकल्प वही. अकरावी-बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प असतो, श्रेणी मिळते, सक्तीचा असतो. कागदावर तो सिनियर प्रोजेक्टच्या चुलतभावासारखा दिसतो. विषय निवडा, परिसरात फिरा, निरीक्षणं नोंदवा, निष्कर्ष काढा. प्रत्यक्षात? पुण्यात अप्पा बळवंत चौकात जा, विषय सांगा, तयार मजकूर घेऊन या. किंवा मागच्या वर्षीच्या ताईची वही आणा, कव्हर बदला. एकाच नदीचं प्रदूषण तीस वह्यांत सारखंच, तेही आकडे न बदलता! मुलांना मी दोष देत नाही. वही कोणी वाचणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. जी वही वाचली जात नाही ती प्रामाणिकपणे लिहिणारा मुलगा हुशार म्हणायचा की बावळट?

दोन, कल चाचणी. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची ही चाचणी घेतली गेली. संगणकावर, नंतर मोबाइलवर प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि सात क्षेत्रांपैकी कल कुठे ते बघायचं. कृषी, वाणिज्य, तांत्रिक, ललित कला, आरोग्य, कला व मानव्यविद्या आणि गणवेशधारी सेवा. हेतू चांगला होता, नाही म्हणणार नाही. पण ज्या मुलाने आयुष्यात एकदाही बँकेचं काउंटर आतल्या बाजूने पाहिलेलं नाही, त्याला 'तुला हिशेब ठेवायला आवडतील का' असं विचारून तो काय उत्तर देणार? जिलबी न खाल्लेल्या माणसाला जिलबी आवडते का विचारण्यासारखंच आहे ते. आधी तुकडा द्या, मग विचारा.

तीन, करिअर मेळावे. मांडव, खुर्च्या, पाहुणे, सत्कार, शाल-श्रीफळ. एक यशस्वी डॉक्टर, एक यशस्वी अधिकारी, एक यशस्वी उद्योजक. तिघेही आपण किती कष्ट केले ते सांगतात. मांडवाच्या बाहेर खाजगी कॉलेजांचे आणि क्लासेसचे स्टॉल. पोरगं हातात पिशवीभर पत्रकं घेऊन घरी येतं. यशस्वी माणसाचं भाषण ऐकून व्यवसाय कळत नाही, फक्त यश किती छान असतं ते कळतं. ते आधीच माहीत होतं की!

चार, सरकारी धोरण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे शिकायला पाठवावं, आणि बारावीपर्यंतच्या मुलांनाही सुट्ट्यांमध्ये अशा संधी मिळाव्यात. २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं उद्दिष्टही त्यात होतं. वाचायला फार सुंदर आहे. पण तुमच्या ओळखीच्या अकरावी-बारावी सायन्सच्या किती मुलांनी सुट्टीत असं काही केलंय? बोटं मोजायला एक हात पुरेल.

आणि आपल्याकडे हे कोणाला सुचलंच नाही असंही नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि तिथे त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. तिथून शाळांमध्ये जो अभ्यासक्रम गेला त्यात मुलं आठवड्याचा एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, जनावरं, आरोग्याच्या साध्या तपासण्या. तेही गावाला खरोखर लागणारी कामं करून. म्हणजे अमेरिकेतली 'द मेट' निघायच्या तेरा वर्षं आधी आपल्याकडे पाबळ होतं. पण आपण त्याकडे खेड्यातल्या, अभ्यासात मागे असलेल्या मुलांची सोय म्हणून पाहिलं. नव्वद टक्केवाल्याला त्याची गरज नाही असं ठरवून टाकलं. खरं तर चुकीच्या रस्त्यावर सगळ्यात लांब पळत जायची ताकद त्या नव्वदवाल्यातच असते.

आता आक्षेप. मला माहीत आहेत, कारण मी हे घरी, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे बोलून झालंय.

पहिला आक्षेप वेळेचा. 'अहो, बारावीच्या पोराला श्वास घ्यायला वेळ नाही आणि तुम्ही साठ तास मागताय?' साधा हिशेब करू. रोज तीन तास क्लास, वर्षाचे तीनशे दिवस, झाले नऊशे तास. साठ तास म्हणजे त्याचा पंधरावा हिस्सा, तोही फक्त क्लासचा. कॉलेज धरलंच नाही. धरायचं तरी कशाला? क्लास आणि कॉलेज यांचं साटंलोटं इतकं वाढलं होतं की २०१८ साली सरकारला विज्ञान शाखेच्या ज्युनियर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला, मुलं निदान वर्गात यावीत म्हणून. म्हणजे कॉलेजात न जाता क्लासला जायला वेळ असतो, पण ज्या कामासाठी क्लास लावलाय ते काम बघायला नसतो. २०२४ साली नीट देणाऱ्या मुलांची संख्या तेवीस लाखांच्या वर होती. त्यातल्या किती जणांनी सरकारी दवाखान्यात एक सकाळ, फक्त एक सकाळ, ओपीडीच्या रांगेच्या टेबलापलीकडच्या बाजूला बसून काढली असेल?

दुसरा आक्षेप, 'हे अमेरिकेचे चोचले आहेत, तिथेही फसलंय.' यातलं फसण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं. वॉशिंग्टन राज्याने असा प्रकल्प २००८ सालच्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा केला होता आणि २०१४ च्या कायद्याने ती राज्यव्यापी सक्ती २०१५ च्या तुकडीपासून काढूनही टाकली. शाळांना हवा तर ठेवायची मुभा राहिली. सक्ती आली की काय होतं हे आपल्याला तरी कोणी शिकवायला नको. आपण पर्यावरण प्रकल्पवाले लोक आहोत! शेकडो मुलांना एकदम मार्गदर्शक मिळत नाहीत, शिक्षकांवर बोजा पडतो, मग तास भरल्याच्या सह्या होतात आणि आई-बाप रात्री बसून पोस्टर चिकटवतात. म्हणून माझी मागणी 'बोर्डाने सक्ती करावी' अशी नाहीच. ज्या दिवशी बोर्डाचा जीआर निघेल त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकात 'करिअर प्रकल्प, सर्व शाखा' अशी पुस्तिका लटकलेली दिसेल.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि तो मला मान्य आहे. विशेषतः मुलींच्या आई-वडिलांना 'अनोळखी माणसाच्या ऑफिसात पाठवा' म्हणणं सोपं नाही. पण म्हणूनच हे शाळेमार्फत व्हायला हवं. दोघा-दोघींनी जायचं, दिवसाउजेडी जायचं, शाळेला जागा माहीत हवी. कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर अठरा वर्षांखालच्या मुलांना धोकादायक कामाला लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. इथे कोणी त्यांच्याकडून फुकटात राबवून घ्यायचं नाहीये. बघायचं, विचारायचं, हाताखाली किरकोळ काही करायचं. जो मार्गदर्शक पोराला महिनाभर झेरॉक्स काढायला लावेल त्याला पुढच्या वर्षी पोरगं द्यायचं नाही, संपलं.

चौथा आक्षेप सगळ्यात जड आहे. 'हे सगळं पोट भरलेल्यांसाठी. ज्याच्या घरी बापाच्या रोजंदारीवर चूल पेटते त्याने काय आवड-नावड बघायची? मिळेल ते घ्यायचं.' हा आक्षेप घेणारी माणसं बहुधा स्वतः पोट भरलेली असतात, हे सोडून देऊ. पण उत्तर द्यायला हवं. बघा, डॉक्टरच्या मुलाला सिनियर प्रोजेक्टची गरजच नाही. तो जेवणाच्या टेबलावर रोज दवाखाना ऐकतो. एक काका वकील, मामा सीए, आत्या बँकेत. त्याने नुसता फोन केला तरी चार ऑफिसं उघडी होतात. गरज आहे ती ज्याला असा काका नाही त्याला. भूमिहीन मजुराच्या मुलीला, रिक्षावाल्याच्या पोराला, वाडीवस्तीवरून पहिल्यांदा तालुक्याच्या कॉलेजात आलेल्याला. त्यांच्याकडे निर्णय चुकवायला पैसे नाहीत आणि तो चुकतोय का हे विचारायला ओळखीचं माणूस नाही. आपल्याकडे ओळखपाळख ही जातीतून आणि घराण्यातून वारसाहक्काने मिळते, हे उघड बोलायला आपल्याला आवडत नाही एवढंच. हुशारी वाटून देता येत नाही, पैसाही नाही, पण काका वाटून देता येतो! शाळेने प्रत्येक मुलाला एक शाळेबाहेरचा, नात्याबाहेरचा, जातीबाहेरचा माणूस मिळवून द्यायचा. माझ्या मते सिनियर प्रोजेक्टमधली निम्मी किंमत या एकाच गोष्टीत आहे.

म्हणून कोणी मुख्याध्यापक किंवा शिक्षक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी चार साध्या अटी लिहून ठेवतो. वीस मुलांवर करून बघा, दोनशेंवर नको.

विषय नको, प्रश्न हवा. 'वैद्यकीय क्षेत्र' हा विषय झाला. 'तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरचा पावसाळ्यातला दिवस कसा जातो?' हा प्रश्न झाला. 'बाजार समितीतला आडत्या भाव कसा ठरवतो?', 'मार्च महिन्यात सीएच्या ऑफिसात काय चालतं?', 'एसटीच्या आगारात नादुरुस्त गाडी किती हातांमधून जाते?' हे सगळे प्रश्न. विषयावरचा मजकूर विकत मिळतो. या प्रश्नांची उत्तरं विकत मिळत नाहीत, तिथे जाऊन बसावंच लागतं.

मार्गदर्शक नात्यातला चालणार नाही. कारण वर सांगितलंच.

मार्क डायरीला द्या. रोज एक पान, हाताने, तारीख घालून. काय पाहिलं, काय कळलं नाही, कंटाळा कधी आला. कंटाळा कधी आला हे फार महत्त्वाचं. प्रत्येक कामात कंटाळा असतोच, प्रश्न फक्त कुठला कंटाळा आपल्याला सोसतो एवढाच असतो. नर्सचा कंटाळा वेगळा, प्रोग्रामरचा वेगळा, कोर्टात तारखेची वाट बघणाऱ्या वकिलाचा वेगळा.

आणि शेवटचं पान सगळ्यांना सारखं. 'हे काम रोज करायला मला आवडेल का? का?' इथे 'नाही' लिहिणाऱ्याला 'हो' लिहिणाऱ्याइतकेच मार्क. हा नियम पहिल्याच दिवशी, पालकांसमोर, मोठ्याने सांगायचा. कारण खरी भीती पोराला नसते, पालकांना असते. नातेवाइकांना सांगून झालेलं असतं ना, 'आमचा मेडिकलची तयारी करतोय' म्हणून! त्यामुळे पोराने साठ तासांनी 'नको' म्हटलं तर घराण्याचं नाक कापलं जातं. चार वर्षांनी डिग्री हातात घेऊन तो 'नको' म्हणाला तर मात्र त्याला 'फील्ड बदललं' म्हणतात आणि पेढे वाटतात. हा न्याय मला आजपर्यंत कळलेला नाही.

शाळा करतील तेव्हा करतील. तोवर माझ्यासारख्या नोकरदार मंडळींना एक सांगणं आहे. आपण सगळे लिंक्डइनवर 'मेंटॉर' म्हणवून घ्यायला फार उत्सुक असतो. त्यापेक्षा आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा, वॉचमनकाकांचा, इस्त्रीवाल्याचा मुलगा किंवा मुलगी अकरावीत आहे का ते विचारा. असेल तर त्याला किंवा तिला काय व्हायचंय ते विचारा, आणि ते काम करणारा आपल्या ओळखीतला माणूस शोधून द्या. इंजिनिअर व्हायचं असेल तर आपल्याच शेजारी खुर्ची टाका. पाच-सहा शनिवार पुरतील. भाषण देऊ नका, सल्ला देऊ नका, स्वतःच्या संघर्षाची गोष्ट तर अजिबात सांगू नका. नेहमी करता तेच काम करा आणि पोराला बघू द्या. ते अडलेलं काम, ती लांबलेली मीटिंग, तो वैतागलेला क्लायंट, सगळं. शेवटी त्याने 'दादा, हे मला नको' म्हटलं, तर वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या शनिवारी त्याला कोणाकडे पाठवायचं, तेवढं बघा.